अल्गोदोन

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, मागच्या गल्लीतला गाळा.
टॉवेलांच्या घड्यांवर मी लेबलं लावते.
आजचा माल स्पेनला, वालेन्सिया बंदर.
लेबलावर छापलंय, शंभर टक्के अल्गोदोन.
सुपरवायझर म्हणतो, पार्टीचं नाव असेल.
मी म्हणते, कापूस.
तो बघतच राहतो.

नववी ब. पत्र्याचं छप्पर, मार्चची दुपार.
नदाफ सर इतिहासाचं पुस्तक मिटून ठेवायचे,
कारण त्यात मूरांना अर्धंच पान होतं.
जवळजवळ आठशे वर्षं, आणि अर्धं पान,
त्यातही खाली स्वाध्याय : जोड्या लावा.

एक अरुंद समुद्र होता, सर सांगायचे,
इतका, की पलीकडचा डोंगर दिसायचा.
होड्या निघाल्या. ज्या डोंगराला लागल्या
त्याला अजून त्या सरदाराचं नाव आहे,
फक्त उच्चार झिजलाय,
विजापूर वेशीतल्या जुन्या पाटीसारखा.
आणि मूर हे नाव त्यांनी स्वतः ठेवलेलं नाही.
बाहेरून कुणी हाक मारली, तीच अंगाला लागली.

तेवढ्यात मागून परशा इराबत्ती :
"सर, मूर तुमचे कोण लागतात?"
वर्गात पंखा नव्हता,
त्यामुळे हसणं स्वच्छ ऐकू आलं.

सरांनी डस्टर खाली ठेवलं.
"माझे वडील मंगळवेढ्याचे. आजोबाही.
त्याआधीचं कुणी लिहून ठेवलं नाही.
पण थांब, सांगतो कोण लागतात.
कापसाला तुझ्या घरी काय म्हणतात?"
"पत्ती."
"महानंदा, तुझ्या?"
मी म्हणाले, "हत्ती."
आता तर बाकं वाजली.
आठवडाभर पोरं मला सोंड करून दाखवत होती.

सर फळ्याकडे वळले.
कुत्न. अल्-कुत्न. अल्गोदोन.
मूरांनी तिकडे कापूस लावला, उसाला पाट काढले.
आपली शर्करा वाटेत इराणात मुक्कामाला थांबली,
शकर झाली, पुढे सुक्कर, पुढे असुकार.
"आपल्या साखर पेठेतनंच निघाली, असं समजा.
आणि नदाफ म्हणजे पिंजारी. शब्द अरबीच.
माझं आडनाव तिकडच्या एखाद्या गल्लीत
धनुकली घेऊन बसलं असेल.
बस, एवढेच लागतात."

गोडगोड मात्र सांगायचे नाहीत.
कापसात सरकी असतेच, म्हणायचे.
जिझिया होता, भाऊबंदकी होती,
वेशीवर टांगलेली मुंडकी होती.
एका गावात तीन धर्मांची माणसं
कधी एकमेकांचे ग्रंथ उतरवून घेत,
कधी तेच ग्रंथ चुलीत घालत.
मग भुईकोटाकडे हात : हा किल्ला
लग्नात कबूल केला आणि दिला नाही,
त्यापायी दोन सुलतान, एका नात्याचे, एका धर्माचे,
पिढ्या न् पिढ्या भांडले.
खंदकात तेव्हा आठवीची दोन पोरं
शाळा बुडवून मासे धरत होती.

शेवटी हद्दपारी. धर्म बदललेल्यांनाही
जहाजात भरलं. वालेन्सियाहून.
(हे बंदर मला तेव्हापासून पाठ.)
भाषेवर बंदी आधीच होती.
पण पिंजाऱ्याच्या सदऱ्याला तूस चिकटतो ना,
तसा तो 'अल्' शब्दांना चिकटून राहिला.
"झटकून पाहिलं त्यांनी," सर म्हणाले,
आणि स्वतःचीच बाही झटकली.
खडू होता.

त्या संध्याकाळी ते भावाच्या गादीच्या दुकानात दिसले,
भुवयांवर पांढरं, तात वाजत होती.
पुढे परशानं बहिणीच्या लग्नाची गादी
तिथंच भरून घेतली. घासाघीस केली म्हणे फार.

पेटी बंद होते. टेप करकरत फिरते.
बारावी नापास मी, केसांतला तूस काढत बसते,
एक काढावा तर दुसरा सापडतो.
सुपरवायझर अजून तिथंच.
"तुला कसं गं कळलं, कापूस ते?"
काय सांगू?
"आमच्या घरी ह्याला हत्ती म्हणतात," म्हणाले,
आणि पुढची घडी ओढली.