सध्याचा पत्ता

बिराजदार काकांनी भाडं वाढवलं नाही,
खोलीच मागितली.
"सहा कॉट बसतात हो हिच्यात," टेप गुंडाळत म्हणाले,
"जूनपासून पोरं येतील, नीटची बॅच.
तुम्ही तर जाणारच आहात अमेरिकेला."

जाणारच आहे.
चौदा महिने झाले, जाणारच आहे.
लातुरात आता हीच माझी ओळख.
किराणावाला उधारी लिहीत नाही,
म्हणतो, तुमचं काय, आज आहात, उद्या नाही.

खोली मिळाली औशात,
पिठाच्या गिरणीवर, जिना बाहेरून.
दिवसभर भिंत थरथरते,
पालथ्या घातलेल्या भांड्यांवरही पांढरं बसतं.
पत्ता काय सांगू विचारलं तर मालकीण म्हणाली,
"गिरणीवर म्हणा की. समद्यांला माहीतय."

अर्जात 'गिरणीवर' मावत नाही.
तिथं घर क्रमांक, रस्ता, शहर, पिन
आणि खाली,
वयाच्या सोळाव्या वर्षापासून
जिथं जिथं राहिलात ते सगळे पत्ते,
तारखांसह.
मध्ये खंड नको.

सोळाव्या वर्षी मी कोपीत होतो.
दसरा झाला की निघायचा आमचा ट्रॅक्टर.
फड संपला की कोपी मोडायची,
पुढच्या शिवारात पुन्हा उभी करायची,
बांबू तेच, पाचट नवं.
मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता,
एकटा माणूस अर्धा.
मी अर्धा होतो.
रस्त्याच्या रकान्यात ट्रॅक्टरचा नंबर टाकला,
मग खोडला.

कायमच्या पत्त्यात गाव लिहिलं.
त्या दाराला अर्धं वर्ष कुलूप असायचं
हे कुणी विचारलेलं नाही.

सुकेशिनी फोनवर म्हणाली,
"कारखान्याचं नाव टाक, तालुका टाक, झालं."
रात्रपाळीवरून आलेली,
कपाळावर टोपीचा वळ.
मागची भिंत निळी होती.
परवापर्यंत पिवळी होती.

"भिंत कामून बदलली?"

ती पाणी प्यायली. मग म्हणाली,
"सांगणारच होते.
त्या केरळच्या पोरीचं लग्न ठरलं, ती गेली.
एकटीला भाडं झेपेना.
दोन स्टॉप पुढं आलेय."

"मग तुझाबी पत्ता कळवावा लागंल."

"हां. तेच."

मग आम्ही दोघं बराच वेळ
एकमेकांची नवी भिंत बघत बसलो.
तिनं विचारलं, ते पांढरं काय आहे तुझ्या भुवईवर.
ज्वारी असेल, म्हणालो. किंवा हरभरा.
दुपारी डाळीचं दळण होतं.

पोलीस दाखल्याचं पुन्हा पहिल्यापासून.
लातूरचा हवालदार म्हणाला, इथं राहत नाही ना, मग तिकडं जा.
औशाचा म्हणाला, इथं आत्ताच आलात ना, मग तिकडं जा.
पोस्टमन खाजामियाँ तेवढे म्हणाले,
"पाकीट आलं तर ठिवून घेतो. नाव ध्यानात हाय तुमचं."
आणि माझा नवा नंबर
पिशवीच्या झाकणावर आतून लिहून घेतला,
तिथं आधीच आठ-दहा नंबर होते.

उत्तर आलं एका ओळीचं.
बदल नोंदवला. प्रतीक्षा करावी.

तिचा बदल अजून नोंदायचा आहे.
म्हणजे फायलीत ती आजही
पिवळ्या भिंतीपाशी चहा घेते.
माझ्या जुन्या खोलीत सहा पोरं
मोठ्यानं पेशींची नावं पाठ करत असतील,
आणि खिळा माझाच, कॅलेंडर त्यांचं.

संध्याकाळी लाईट गेली, गिरणी थांबली.
डबे घेऊन बसलेल्या बायकांचं बोलणं
जिन्यावरून सरळ वर आलं.
एकीनं विचारलं, वर कोण राहायलंय आता?
मालकीण म्हणाली,
"त्ये व्हय? त्ये अमेरिकेचे हाईत."