एक टक्का

रात्रीचे सव्वाअकरा.
राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत, खानावळीच्या वर,
इरफान शिकलगार आणि मी.
खाली भांडी घासल्याचा आवाज,
वर पंख्याचा.

नवी आवृत्ती तयार आहे.
बाराशे दूधसंस्था, त्यांच्या बाराशे काट्यांमागे
आमचा हिशेब चालतो, क्लाउडवर.
क्लाउड म्हणजे ढग, असं सासूबाईंना सांगितलं तेव्हा
त्यांनी गोठ्याच्या दारातून वर बघितलं
आणि विचारलं, फॅट तिथं लागतं व्हय?

सगळ्यांना एकदम द्यायचं नसतं.
आधी एक टक्का. मग पाच. मग पंचवीस.
प्रत्येक पायरीवर थांबायचं, आलेख बघायचा,
पुढचं पाऊल नंतर.
माझे वडील राधानगरीला पाटबंधारे खात्यात होते.
पावसाळ्यात घरी फोन करून एवढंच सांगायचे:
तिसरा दरवाजा उघडला.
तासाभरानं: चौथा.
आणि आई पंचगंगेकाठच्या मावशीला कळवायची,
गाद्या माळ्यावर टाका.

शितावरून भाताची परीक्षा, इरफान म्हणतो
आणि बटण दाबतो.
शीत कोणतं, ते यंत्र निवडतं.
बारा नावं पडद्यावर आली.
मी वाचली नाहीत.

पहाटे साडेपाचला संकलन सुरू.
आलेख हिरवा.
एकही यंत्र अडलं नाही, एकही चूक नोंदली गेली नाही.
इरफान चहा आणायला उतरला.
सहा-दहाला पाच टक्क्यांवर जायचं ठरलं होतं.

सहा-सातला फोन.
गगनबावड्याच्या वाटेवरच्या संस्थेचे सचिव, आनंदा चौगुले:
"म्याडम, आमच्या शेवंताकाकू काट्यावरनं हलंनात.
सात फॅटची म्हस रातीत सहा पॉइंट नऊची कशी झाली म्हणत्यात.
काय सांगू त्यास्नी?"
मागून आवाज, खणखणीत:
"पेंड तीच, गवात तेच, म्हस बी तीच.
बदाललं असंल तर तुमचं मशीन."

दशांशाचं एक घर.
आम्ही हिशेब वेगवान केला होता
आणि तो धावताना शेवटचा आकडा सांडत होता,
भरल्या कासंडीतून सांडावं तसा.
सांडलेल्या दुधाला आमच्या आलेखात रंग नव्हता.

लिटरमागे बारा आणे. सहा लिटर.
साडेचार रुपये.
बाराशेत बारा संस्था, त्यातली एक बाई, तिची एक म्हैस,
टक्केवारी काढायला गेलं तर
शून्यामागून शून्यच लिहीत बसावं लागेल.
शेवंताकाकूंच्या गोठ्यात मात्र
आमची आवृत्ती शंभर टक्के पोचली होती.

मागे घ्यायला चार मिनिटं लागली.
इरफान वर आला तोवर जुनं सुरू झालं होतं,
चहा कुणी प्यायलं नाही.
बारा संस्थांची सकाळ मी हातानं तपासली, एकेक नोंद,
दुपारचे दोन वाजले.
फरक दहा दिवसांच्या बिलात जमा होईल, लिहून ठेवते, म्हटलं.
चौगुले म्हणाले,
"तुमी नाही लिवलं तरी चालतंय.
काकूंनी वहीत लिवलंय."

महिन्याभरानं पुन्हा तशीच रात्र.
खाली भांडी, वर पंखा, दुरुस्त आवृत्ती.
निवडू दे यंत्राला, इरफान म्हणाला.
अकरा निवडू दे, मी म्हटलं.
बारावं मी घातलं:
मुरगूड, सासूबाईंची संस्था.
मीठ बघायचं तर आधी आपल्या तळहातावर.
उरलेली अकरा नावं या वेळी वाचली,
मोठ्यानं, गावासकट.

पहाटे सहा-सात.
आलेख हिरवा. इरफानचं बोट बटणावर.
मी फोन लावला, किती लागलं?
पलीकडे म्हशीची साखळी वाजली,
बादली कुठंतरी टेकली,
आणि त्या म्हणाल्या, थांब की जरा,
पावती हाय हातात,
चष्मा कुठं गेला बघते.

पाच टक्के थांबले.