जिभेखाली

डॉक्टर आतिका वर बसतात, पहिल्या मजल्यावर.
मी खाली, जाळीच्या खिडकीआड, कुलूप आणि रजिस्टर घेऊन.
मध्ये एकवीस पायऱ्या
आणि चिठ्ठ्या नेणारा रामसेवक, त्याचा गुडघा दुखतो,
म्हणून चिठ्ठ्या मी विचार करून लिहिते.

ब्रजकिशोर कुशवाह, एकतीस.
ग्वाल्हेरच्या किल्ल्यामागे दगडात जाळ्या कोरतो.
पायावर शिळा पडली, इंजेक्शन सुरू झालं.
पाय बरा झाला. इंजेक्शन राहिलं.

कागदावर लिहून आलं: चार मिलिग्रॅम, रोज, समोर.
समोर म्हणजे माझ्यासमोर.
मी गोळी कुटते, पूड त्याच्या जिभेखाली सोडते,
मग पाच मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही.
लग्न ठरतानाही मी कुणाकडे
इतका वेळ गप्प बघत बसले नव्हते.

जांभया. मनगटावरचा काटा. गळणारं नाक.
बटण चुकीच्या काजात.
वर तो ‘ठीक हूँ’ म्हणून येतो,
खाली त्याचं अंग वेगळंच सांगतं.
मी लिहिते: पहाटे चारला उतरतं, घाम फुटतो. सहा करायचं का?
त्याच चिठ्ठीच्या पाठीवर: सहा. तीन दिवस बघून सांगा.

आधीच्या साहेबांना एकदा असंच विचारलं होतं.
म्हणाले, तुम्ही गोळ्या मोजा.
मोजल्या.

होळीनंतरच्या मंगळवारी खल धुवायला गेलेला,
गोळी अख्खी दिली.
ती रुमालात सापडली, ओली, अर्धी विरलेली.
“मैडम, छोटे के लिए रखी थी.”

नियम मला पाठ आहे. लाल शाई, नाव बंद.
पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.
खिडकीला कुलूप घालून एकवीस पायऱ्या स्वतः चढले,
रामसेवक बघतच राहिला.

डॉक्टरांनी आधी विचारलं, छोटा केवढा आहे?
मग चष्मा शोधत म्हणाल्या,
“झालं ते खरं लिहा. नाव कापू नका.
आणि त्याला आणायला सांगा, मी थांबते.”
ओपीडी दोनला संपते. त्या साडेतीनपर्यंत थांबल्या.

छोटा आला नाही.
बुधवारीही नाही.

शुक्रवारी दारात एक मुलगा, भुवयांवर दगडाची धूळ,
एक पाय अजून रस्त्याकडे.
डॉक्टर खाली उतरून माझ्या बाकावर बसल्या होत्या.
मोठ्याच्या जिभेखाली पूड विरघळत होती,
दोन मिनिटं झाली होती, तीन बाकी,
त्याला बोलता येईना,
तो नुसता हात हलवून, हलवून
भावाला आत बोलवत होता.