आम्ही की आपण

वडूजच्या कॉलेजात, पत्र्याखालच्या वर्गात
मी अकरा वर्षं अमेरिका शिकवली.
समुद्र पाहिला होता एकदाच, सहलीत, रत्नागिरीला,
तोही ओहोटीचा.

तरी फिलाडेल्फियातली ती खोली मला पाठ होती.
सतराशे सत्त्याऐंशीचा उन्हाळा.
दारं लावलेली, खिडक्या लावलेल्या, बाहेर पहारा,
आतलं बोलणं बाहेर जाता कामा नये.
पंचावन्न माणसं, जाड कोटात घामेजलेली.
राजा नको, एवढं ठरलेलं;
मग राजाशिवाय कसं, यावर काथ्याकूट.
धाकट्या राज्याला किती मतं, थोरल्याला किती,
अगदी बांधावरच्या भांडणासारखं
हातवारे करून मी सांगायचो.

खिडक्या आमच्याही बंदच असत.
माणच्या बाजूनं धुरळा उठला
की फळ्यावरची काँग्रेस दिसेनाशी व्हायची.

दोनदा निवडून आलेला पहिला अध्यक्ष
तिसऱ्यांदा नको म्हणाला आणि आपल्या शेतावर गेला,
हे ऐकलं की पोरं खूश.
मागच्या बाकावर रंगराव तेवढा वहीत बघायचा,
त्याचा चुलता चोवीस वर्षं सोसायटीचा चेअरमन.

त्या वर्षी घटनेची पहिली ओळ इंग्रजीत लिहिली,
खाली मराठीत: आम्ही लोक.
वत्सला मदने उठली.
पेडगावहून चालत यायची, घोट्यापर्यंत पांढरी माती.
हजेरीला "हजर" म्हणायची,
तेवढाच तिचा आवाज वर्गाला माहीत.

"सर, हितं आम्ही म्हनायचं का आपण?"

वर्ग हसला. मीही थोडा.
म्हटलं, इंग्रजीत एकच शब्द आहे, त्यात भेद नाही.
"त्यांच्यात नसंल. आपल्यात हाय.
आम्ही म्हटलं की समोरचा भाईर."

खडू हातातच राहिला.
पुढचं पान मला टाळता येत नव्हतं,
सिलॅबसमध्येच होतं.
वाचलं: खानेसुमारीला स्वतंत्र माणसं पुरी धरावीत,
आणि इतर व्यक्तींचे तीन पंचमांश.
गुलाम हा शब्द त्यात कुठंच नाही.
इतर व्यक्ती.
मत त्यांना नाही; त्यांच्या डोक्यांवर
धन्याच्या राज्याच्या जागा मात्र वाढायच्या.

"पाचातलं दोन कुठलं सोडायचं," तिनं विचारलं,
"हे कोन ठरवायचं?"

मी समजावायला लागलो. तडजोड, म्हटलं.
नाही तर देशच झाला नसता, म्हटलं.
पुस्तकात तसंच होतं.

ती उभीच.
"माजा आजा रोज रात्री चावडीवर हजेरी द्यायचा.
आमच्या जातीला कायदाच होता तसा.
आजारी पडला तर उचलून न्यायचे.
तितं कुनी त्याला तीन धरला न्हाई.
तितं त्यो अख्खा."

शिपायानं रुळाच्या तुकड्यावर टोला दिला.
पोरं उठली, बाकं सरकली,
कुणीतरी खिडकी उघडली आणि धूळ आत आली.
मी फळा पुसला नाही.
दुसऱ्या दिवशी तो पुसलेला होता.

सत्र परीक्षेत तोच प्रश्न घातला,
घटनेची निर्मिती स्पष्ट करा, गुण पंधरा.
तिनं दीड पान लिहिलं होतं, बारीक अक्षरात.
खोली, खिडक्या, पहारा, सगळं माझंच.
शेवटी एक वाक्य तिचं:
आत कोण नव्हतं त्यांचीही नावं लिहायला पायजेत.

मुद्द्यांना गुण दिले, विस्तार कमी म्हणून कापले.
बेरीज केली. नऊ.
हजेरीपटाच्या मागच्या पानावर शाईनं चढवले,
टोपण लावलं, चहाला गेलो.

कपबशी तोंडाशी नेली
तेव्हा कुठं डोक्यात हिशेब झाला.

परत येऊन हजेरीपट उघडला.
खाडाखोड केली की प्राचार्यांची सही लागते.