एक पळी

आमच्याकडे लग्नाची भांडी भाड्याने मिळायची.
भांडी बाजारातून गोदेकडे उतरताना डाव्या हाताला.
पाटी नव्हती. घंगाळ उलटं टांगलेलं, तीच पाटी.

वही उघडता उघडता दादा गिऱ्हाइकाला गोष्ट सांगत:
पूर्वी डोहाकाठी रात्री यादी ठेवायची,
सुपारी, हळदकुंकू, किती पानं उठणार तो आकडा.
पहाटे पातेली, पराती, ओगराळी
काठावर ओली उभी.
कोण देई? तर जखीण.
मग कुणीतरी एक पळी ठेवून घेतली
आणि डोह गप्प झाला.
"म्हणून पळ्या मोजून आणा," दादा म्हणत
आणि अनामत घेत.

तोच शब्द आत्या रात्री दुसऱ्या आवाजात म्हणायची.
नवरा मागे ठेवून जाते, ती जखीण.
म्हणजे जमना.
दादांची पहिली. बाळंतपणात गेली, बाविसाव्या वर्षी.
रेशनकार्डावर यमुना, पण
तांबट आळीच्या ठोक्यांत य टिकत नाही:
यात्रेची जत्रा होते, योग्याचा जोगी,
यमुनेची जमना.

पांडवलेण्याला मी सहल घेऊन गेले होते,
पस्तीस मुलं, त्यातलं एक पायऱ्यांवरच ओकलेलं.
चैत्याच्या दाराशी एक दगडी माणूस.
"हा यक्ष," पहारेकरी वाळिबा म्हणाला, "मागेल ते द्यायचा."
"आणि त्याची बायको?" हर्षालीने विचारलं.
"यक्षिणी."

खडू नव्हता, मनातच लिहीत गेले.
यक्षिणी. जक्खिणी. जखीण.
क्षीर निवून खीर झाली, भिक्षेची भीक,
तशी ही एकेक पायरी उतरत आली
हातातलं देत देत
आणि पायथ्याशी पोचेतो भूत.
मूळ अर्थ कोणी सांगतं झळकन् दिसणं, कोणी पूजणं.
पुस्तकांचं जमत नाही आपसात.

मुलांनी दगडाकडे मागून घेतलं:
सायकल, सुट्टी, मोठ्या बहिणीला नोकरी.
मी हात जोडले तर उलटंच तोंडात आलं,
तुला काय हवं होतं गं?

घरी आई चिंचेनं टाक घासत होती.
चांदीचा चपटा तुकडा, त्यावर बाई,
नाकडोळे झिजून सपाट.
पंचेचाळीस वर्षं गळ्यात सवत.
नवं लुगडं आलं की आधी तिला दाखवायचं, मग घडी मोडायची.
"यक्षिणी म्हणजे देणारी," मी म्हणाले, थोडी मास्तरणीसारखी.
आईने टाक पुसला, दोऱ्यात ओवला.
"मग मी काय वेगळं म्हणत होते?
हे घर, हे दुकान, तुझे दादा.
आधी कुणाचे होते?"

वही माळ्यावर आहे, कडा वाळवीने खाल्लेल्या.
शेवटच्या पानावर, पराती आणि पातेल्यांच्या खाली,
दादांच्या अक्षरात
यमुना. य घोटून घोटून काढलेला.
पुढे: देणे.
आकडा घातलेला नाही.