ताप उतरण्याची खूण

वडनेर भैरवला पोचलो तेव्हा पावणेबारा.
गाडीची सीट अशी तापलेली
की उतरल्यावरही बसल्यासारखंच वाटत होतं.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना बोडक्या बागा,
खरड छाटणीला आठवडा झालेला,
तारेवर नुसते ओलांडे,
डोळ्यांवर लावलेल्या औषधाचा गुलाबी डाग.
फुटवा अजून नाही.
एके ठिकाणी ड्रीपची नळी फुटलेली,
तेवढ्या चिखलात चार साळुंक्या
घाईघाईने अंघोळ उरकत होत्या.

कांदा निम्मा निघालाय.
निम्मा वाफ्यातच, मान टाकून.
आमच्याकडे कांद्याने मान टाकली
की पीक तयार झालं म्हणतात.
दुसऱ्या कुणाला हे लागू नाही.

रंगनाथच्या गोठ्यात सहा गाई,
सहाही तोंडं उघडी, लाळेच्या तारा लोंबत.
पत्र्यावर पाचट, बाजूंना ओली बारदानं,
तरी पत्रा मधूनच तडकल्यासारखा बोलतो.
शेवंती कडेला, भिंतीकडे तोंड करून.
"काल रातीपासून चाऱ्याला नुसतं हुंगती,"
ठकूबाई म्हणाल्या,
"मुरघासाला वास मारतोय का, बघा बरं डॉक्टर."
मी डॉक्टर नाही, पर्यवेक्षक आहे,
पण ते आता कुणाला सांगायचं.
थर्मामीटर लावला. थांबलो.
शंभरालाही कमी.

सकाळपासून सगळंच चढत चाललंय,
विहिरीवरचं लोखंड, टाकीतलं पाणी, माझं डोकं,
आणि ह्या एकटीचा ताप
दीड अंशाने उतरलेला.
ही खूण पुस्तकात एका ओळीची आहे.
"मुरघास चांगला आहे," मी म्हणालो,
"ही विणार. आज रात्री, नाहीतर त्याआधी."

त्याआधी आभाळ आलं.
धोडपच्या मागून, चारच्या सुमाराला,
आधी काळं, मग ते हिरवट,
जो रंग बघून इथे कुणी काही बोलत नाही,
फक्त पळतं.
रंगनाथ पळाला, अलका पळाली,
सुरगाण्याची टोळी हातातले विळे टाकून पळाली,
ठकूबाई पदर खोचून,
आणि बॅग खाली ठेवून मीही,
ताडपत्रीचं एक टोक धरायला.
वावधान असं की पोळीवरची पात
उडून तोंडावर चिकटायची.
नऊ माणसं आणि एक ताडपत्री,
त्यातलं कोण कुणाला ओढतंय कळेना.

गारा आल्या. हरभऱ्याएवढ्या.
दोन मिनिटं पत्रे, पाठी, घागरी वाजल्या,
आणि थांबलं.
बागेत मारायला काही नव्हतंच.
पोळ वाचली. वाफ्यातला कांदा भिजला,
किती ते दोन दिवसांनी वासावरून कळेल.

मग आठवलं.
गोठ्यात गेलो तर दिवा नाही, वीज गेलेली,
आणि अंधारात कुणीतरी शेवंतीशी गप्पा मारतंय.
टोळीतली बुधी. वय नऊ म्हणाली, दिसते सात.
पायाशी वासरू, काळं-पांढरं, ओलं,
कान एक उभा, एक अजून झोपलेला.
"नाकात चिकट व्हतं," ती म्हणाली,
"मी काढलं. शेळीचं बी काढायला लागतं."
आणि हात फ्रॉकला पुसले,
फ्रॉकला पुसायला जागा उरली नव्हती.
"भ्याली नाहीस?"
"गारांना भ्याले. म्हणून तर आत आले."

वार पडला होता. नाळ मी बघितली, आयोडीन लावलं,
एवढंच माझं काम उरलेलं.
रजिस्टर काढलं.
कालवड, एक. प्रसूती नैसर्गिक.
उपस्थित, ह्या रकान्यात
सहा महिने माझंच नाव आहे.
बुधी लिहिलं. पुढे आडनाव विचारायला वळलो
तर ती बाहेर, मुठीत गारा गोळा करून
शेवंतीला चाटवायला आणत होती,
वाटेतच वितळवत.

निघताना ठकूबाईंनी विचारलं, उद्याचं काय?
उद्या ऊनच, म्हणालो. चाळीसच्या वर.
"बरंय," त्या म्हणाल्या, "पात वाळंल."