कळ

हर्णै बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत
हिराजी पावसे लिलावाचा हिशेब ठेवतात,
या मोसमापासून माझ्या प्रोग्रॅममध्ये.
कीबोर्डला प्लास्टिकचं कव्हर आहे, तरी एंटरवर
रावसाचा एक खवला वाळून बसलाय.

डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट
विंचच्या दोरात गेलं,
नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत.
म्हणाले, तुझ्या शॉर्टकटांना करंगळी लागते.
ती कुठून आणू?

म्हणून सेटिंगमध्ये एक चौकट केली.
क्लिक केलं की ती म्हणते: कळ दाबा.
जे दाबाल ते ऐकायचं, लिहून ठेवायचं.
दापोलीच्या एसटीत एवढंच वाटलं होतं काम.

पहिल्या दिवशी त्यांनी कंट्रोल-पी दाबलं.
चौकटीनं ऐकलं, पण प्रिंटरनंही ऐकलं;
तीन पाट्या सरंग्याची पावती
गिऱ्हाईक नसताना बाहेर आली.
तिच्याच पाठीवर मी टिपून ठेवलं:
चौकट ऐकत असताना बाकीच्यांनी गप्प बसावं.

(खाली लिलावात असं कोणी बसत नाही.)

एस्केप दाबला, तर माघार घ्यायची
की त्यांना एस्केपच हवाय?
ऑल्ट-टॅब तर चौकटीपर्यंत पोचतच नाही,
विंडोज वाटेतच उचलते, किनाऱ्यावरच्या दलालासारखी.
आणि नुसता कंट्रोल दाबून ते थांबले
की चौकटीची घाई: हे चालणार नाही.
"तिला सांग, जरा कळ काढ," हिराजी म्हणाले,
"दुसरं बोट येतंय."

तीन सेकंद दिले. मग पाच.

परवा कंट्रोल दाबलेला असतानाच
बॅटरी संपत आल्याची खिडकी मध्ये उघडली.
त्यांनी कळ सोडली ती त्या खिडकीत.
आमच्याकडे सुटल्याची खबरच नाही आली.
प्रोग्रॅमच्या लेखी कंट्रोल अजून दाबलेलाच:
एस टाइप करावा तर सेव्ह,
ए टाइप करावा तर अख्खं पान निळं.

हिराजी स्क्रीनकडे बघत राहिले,
मग हाताकडे.
"खालचा वारा सुटला ना,
की करंगळीला दोर काचतो अजून," म्हणाले.
"आहे कुठे करंगळी?"

रात्री चार ओळी लिहिल्या.
खिडकीवरचं लक्ष हललं
की दाबलेलं सगळं सुटलं असं धर.
चालवून पाहिलं. चाललं.
सुवर्णदुर्गाच्या बाजूला एक दिवा बराच वेळ जागेवरच होता,
नांगर टाकलेला की जाळं अडकलेलं, कळलं नाही.

सकाळी विचारलं त्यांनी, झालं दुरुस्त?
झालं म्हटलं. किती ओळी लागल्या ते नाही सांगितलं.

उजव्या हाताला जवळ म्हणून एफ-नऊ घेतली,
'लिलाव बंद' साठी. तेवढी एकच.
बाकीच्या चौकटी तशाच सोडल्या, कळ दाबा म्हणत.
"राहू देत. दिवाळीनंतर पुतण्या बसेल इथे.
त्याची दहा आहेत."